सेसना १७२ एस : लँडिंग बिघडते तेव्हा हे प्रशिक्षण विमान कसे वागते

सेसना १७२ एस या एका इंजिनाच्या, चार आसनांच्या विमानाची परीक्षणे पुष्कळ आहेत; पण ती बहुतेक परदेशात स्वतःचे विमान बाळगणाऱ्यांनी लिहिलेली असल्यामुळे त्यांत प्रवासाचा वेग, इंधनाचा खर्च आणि सामानाची जागा यांचीच चर्चा अधिक असते. आपल्याकडे या विमानाशी गाठ पडते ती फ्लाइंग स्कूलमध्ये, डाव्या सीटवर नुकताच बारावी झालेला विद्यार्थी आणि उजव्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसलेला असताना. म्हणून हे परीक्षण मी एकाच कसोटीवर करणार आहे. विद्यार्थ्याचे लँडिंग बिघडते तेव्हा हे विमान काय करते, शेजारच्या इन्स्ट्रक्टरला ते सावरायला किती अवधी देते आणि सावरता आले नाही तर नेमके काय मोडते, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे मला द्यायची आहेत. मी विमान देखभाल अभियंता आहे. प्रशिक्षण विमाने उड्डाणाआधी आणि बिघडलेल्या लँडिंगनंतर तपासणे हे माझे काम आहे, त्यामुळे माझी मते प्रामुख्याने हँगरमध्ये, मोडलेले भाग हाताळताना तयार झाली आहेत.

निष्कर्ष सुरुवातीलाच सांगतो. लँडिंग शिकवण्यासाठी आज मिळणाऱ्या विमानांपैकी मी हेच विमान निवडेन. मात्र त्याच्या ज्या सोशिकपणाची सगळे स्तुती करतात, तो मागच्या दोन चाकांपुरता आहे, पुढच्या चाकाला तो लागू नाही. विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर एकत्र उडत असताना होणारे या विमानाचे लँडिंग अपघात बहुतांशी या एका फरकातून घडतात, आणि शाळा निवडणाऱ्याने किंवा विमान विकत घेणाऱ्या क्लबने तो समजून घेतला नाही, तर बाकीची सगळी तुलना निरुपयोगी ठरते.

या विमानाचा मूळ नमुना १९५५ मध्ये उडाला आणि १९५६ मध्ये ते विक्रीला आले. त्याआधीचे सेसना १७० हे शेपटीखाली चाक असलेले विमान होते. त्याच विमानाला पुढे चाक देऊन १७२ तयार झाले. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर सरळ ठेवणे अवघड असते, कारण त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो आणि थोडे तिरके टेकले तरी ते गर्रकन फिरू पाहते. पुढे चाक दिल्यामुळे ही अडचण मिटली, उतरणे सोपे झाले, आणि आजवर ४४,००० हून अधिक विमाने बनली. दुसऱ्या कोणत्याही विमानाची इतकी निर्मिती झालेली नाही. मध्यंतरी १९८६ मध्ये थांबलेले उत्पादन १९९६ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या इंडिपेंडन्स येथे पुन्हा सुरू झाले. सध्याच्या एस आवृत्तीला लायकोमिंग कंपनीचे १८० अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि उड्डाणावेळचे कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो आहे. बाकीची माहिती कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. मला थेट चाकांकडे यायचे आहे.

मागची दोन मुख्य चाके स्प्रिंग स्टीलच्या जाड नळ्यांवर बसवलेली असतात. त्यांत तेल नाही, हवा नाही, सांधा नाही, आणि म्हणून बिघडण्यासारखे फारसे काही नाही. विमान आदळले की या नळ्या बाहेरच्या बाजूला फाकतात आणि लगेच मूळ जागी येतात. विद्यार्थ्याची पहिली कित्येक लँडिंग याच नळ्या सोसतात, आणि ज्या आदळण्याने विद्यार्थ्याचा चेहरा पांढरा पडतो त्यानंतरही तपासणीत बहुधा काही सापडत नाही. पण या रचनेला दुसरी बाजू आहे. स्प्रिंग धक्का जिरवत नाही, तो साठवते आणि परत देते. पायपर चेरोकी कुटुंबातील विमानांच्या मुख्य चाकांना तेल आणि हवेचे ओलिओ स्ट्रट असतात. त्यांतून तेल बारीक छिद्रातून ढकलले जाताना धक्क्याची बरीच ऊर्जा उष्णतेत खर्च होते. सेसनात ती ऊर्जा विमानाला पुन्हा वर फेकते. त्यामुळे वेग जास्त असताना किंवा खाली येण्याचा वेग पुरेसा कमी केलेला नसताना चाके टेकली, की सेसना उसळते. वैमानिक ज्याला बाउन्स म्हणतात तो हाच, आणि तो या विमानाचा दोष नसून त्याच्या मजबुतीची किंमत आहे.

पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे ओलिओ स्ट्रट आहे आणि तो इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, म्हणजे फायरवॉलला, जोडलेला आहे. जमिनीवर विमान वळवणे आणि ब्रेक लावल्यावर पुढे झुकणारे वजन पेलणे हे या स्ट्रटचे काम. विमानाचे सगळे वजन आदळण्याच्या वेगाने त्याच्यावर यावे, अशी अपेक्षा रचनाकाराने कधीच ठेवलेली नव्हती. तसे झाले की आधी स्ट्रट तळाला जाऊन ठोकर बसते, मग जोडणीच्या जागी फायरवॉलचा पत्रा सुरकुततो, रिव्हेट सैल होतात, आणि नाक आणखी खाली गेले तर नाकावरच्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, पाती धावपट्टीला लागतात. विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर दोघेही बहुधा स्वतःच्या पायांनी विमानातून उतरतात, ही समाधानाची बाब आहे. विमान मात्र पुढचे कित्येक महिने हँगरमध्ये राहते.

हा अपघात घडतो कसा, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. १७२ एसच्या अधिकृत पुस्तिकेत पूर्ण फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली उतरवता येणाऱ्या झडपा, लावून येताना ६० ते ७० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेग सांगितलेला आहे, आणि त्या स्थितीतील स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, वेगमापकावर ४० नॉटच्या आसपास असतो. नवखा विद्यार्थी स्टॉलला घाबरतो आणि म्हणून थोडा अधिक वेग ठेवतो. ६५ ऐवजी ७५ नॉट हा फरक आकड्यात लहान दिसतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे विमान सुमारे ३३ टक्के जास्त ऊर्जा घेऊन धावपट्टीवर पोहोचते. पंखांचा विस्तार ३६ फूट. जमिनीपासून त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर आले की पंखांखालच्या हवेच्या परिणामामुळे विमानाचा हवेतील अवरोध घटतो आणि ते तरंगत राहते. धावपट्टी पायाखालून सरकत असते, विमान टेकत नसते, आणि पुढचे टोक जवळ येताना दिसत असते. अशा वेळी हात आपोआप योक, म्हणजे नाक वरखाली करणारे हातातले सुकाणू, पुढे ढकलतो. विमान खाली जाते, चाके टेकतात, पण उडण्याइतका वेग शिल्लक असल्यामुळे ते उसळते. उसळताना नाक वर जाते, ते पाहून विद्यार्थी योक पुन्हा पुढे ढकलतो, आणि या वेळी पहिल्यांदा पुढचे चाक टेकते. पुढच्या चाकाने विमान पुन्हा वर फेकले जाते, आधीपेक्षा उंच. इंग्रजीत याला पॉरपॉइझिंग म्हणतात. विद्यार्थ्याची प्रत्येक हालचाल विमानाच्या हालचालीपेक्षा थोडी उशिरा होते, त्यामुळे ती सुधारण्याऐवजी भर घालते, आणि साधारण तिसऱ्या आदळण्याला पुढचा स्ट्रट मोडतो. पहिल्या उसळीपासून इथपर्यंत अवघे काही सेकंद गेलेले असतात.

आता उजवी सीट पाहू. १७२ चे दोन्ही योक केबल, साखळ्या आणि दांड्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. एक हलला की दुसरा हलतोच. मला ही या विमानाची सर्वांत मोलाची शैक्षणिक सोय वाटते. विद्यार्थ्याचा हात काय करणार आहे, हे इन्स्ट्रक्टरला डोळ्यांनी कळण्याआधी तळहाताला कळते, आणि चांगला इन्स्ट्रक्टर फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू वर घेताना, आपली बोटे योकच्या मागे अलगद ठेवतो, म्हणजे विद्यार्थ्याला मागे ओढण्याची पूर्ण मोकळीक राहते आणि पुढे ढकलण्याची मात्र वाट अडलेली असते. पुढचे चाक मोडण्यापासून वाचवणारा याहून साधा आणि प्रभावी उपाय मला माहीत नाही. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, केवळ सवय लागते.

पण याच सोशिक विमानामुळे इन्स्ट्रक्टरचा निर्णय अवघड होतो. विद्यार्थ्याला लँडिंग शिकवायचे तर त्याला थोडे चुकू द्यावे लागते. प्रत्येक वेळी योक हातातून काढून घेतला तर तो कधीच शिकणार नाही. सेसनाची मागची चाके इतके सोसतात की इन्स्ट्रक्टरला हळूहळू उशिरा हस्तक्षेप करण्याची सवय लागते. नव्व्याण्णव वेळा त्याने काही बिघडत नाही. ज्या वेळी विद्यार्थी गोंधळून योक घट्ट धरतो किंवा अचानक पुढे ढकलतो, त्या वेळी दोन मीटर उंचीवरून जमीन गाठायला विमानाला एक सेकंदाच्या आसपासच वेळ लागतो, आणि तेवढ्यात ओळखणे, ठरवणे, ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणणे, विद्यार्थ्याने हात सोडणे आणि पॉवर देणे ही सगळी साखळी पूर्ण होऊ शकत नाही. विद्यार्थ्याच्या हातून घडलेल्या अशा अपघातात मूळ प्रश्न बहुधा इन्स्ट्रक्टरने कधी हात घातला याचाच असतो, आणि हे कोणाला बोल लावण्यासाठी मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या हातातले विमान जमिनीपासून दोन मीटरवर असताना किती थांबायचे हे ठरवणे अतिशय कठीण आहे, आणि आपल्याकडे हे काम करणारे पुष्कळ इन्स्ट्रक्टर स्वतः तरुण असतात, दिवसाकाठी अनेक विद्यार्थ्यांबरोबर उडतात आणि उन्हात तापलेल्या केबिनमध्ये बसलेले असतात. म्हणून शाळेत चौकशीला जाणाऱ्या पालकांनी विमानांची संख्या विचारण्याआधी एका इन्स्ट्रक्टरला दिवसात किती तास उडावे लागते, हे विचारावे.

या विमानकुटुंबाचा सोशिकपणा किती खरा आहे, याचे एक उदाहरण मुद्दाम नोंदवतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या जँडाकोट विमानतळाच्या परिसरात प्रशिक्षण उड्डाण चालू असताना इन्स्ट्रक्टरची शुद्ध हरपली आणि नवखा विद्यार्थी एकटा पडला. विमान होते सेसना १५२, म्हणजे १७२ चे दोन आसनांचे धाकटे भावंड. तेच वर बसवलेले पंख, त्याच प्रकारची स्प्रिंगची मुख्य चाके. नियंत्रण मनोऱ्यातून मिळणाऱ्या सूचनांच्या आधारे त्या विद्यार्थ्याने ते सुखरूप उतरवले. त्यात त्याच्या धैर्याचा आणि मनोऱ्यातल्या शांत आवाजाचा मोठा वाटा आहेच. पण ज्या विमानाला लँडिंगमधला थोडा फरक चालत नाही, अशा विमानात हे घडणे फार कठीण होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाउन्स झाल्यावर योग्य उपाय दोनच: लहान उसळी असेल तर नाक जागेवर धरून, गरजेपुरती पॉवर देऊन विमान पुन्हा बसू द्यायचे, आणि उसळी मोठी असेल किंवा दुसरी झाली असेल तर पूर्ण पॉवर देऊन निघून जायचे, म्हणजे गो-अराउंड करायचे. इथे १७२ एसबद्दल माझी पहिली गंभीर तक्रार आहे. पूर्ण फ्लॅप्स आणि कमी वेगासाठी नाक वर धरणारा ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी जुळवणी) लावलेला असताना पूर्ण पॉवर दिली, की या विमानाचे नाक जोरात वर उचलले जाते, आणि ते दाबून धरायला योकवर चांगलीच ताकद लावावी लागते. सडपातळ विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला याची आधीपासून सवय करून दिलेली नसेल, तर ज्या गो-अराउंडने लँडिंगचा अपघात टळायचा, त्यातूनच कमी उंचीवरचा स्टॉल उद्भवतो, आणि तो अपघात पुढचे चाक मोडण्यावर थांबत नाही. पुस्तिकेप्रमाणे पॉवर दिल्याबरोबर फ्लॅप्स ३० अंशांवरून २० वर घ्यायचे आणि ६० नॉटच्या आसपास वेग राखायचा असतो. जुन्या १७२ विमानांचे फ्लॅप्स ४० अंशांपर्यंत उतरत. त्यांचा गो-अराउंड याहून जड होता, आणि नंतर ही मर्यादा ३० वर आणली गेली हे चांगलेच झाले. तरीही शाळेने हा सराव आधी सुरक्षित उंचीवर पुन्हा पुन्हा करून घ्यावा. मी पाहिलेल्या वेळापत्रकांत या सरावाला मिळणारा वेळ फार तोकडा होता.

याच संदर्भात सीटचा उल्लेख करायला हवा. सेसनाच्या पुढच्या सीट रुळांवर मागेपुढे सरकतात आणि एका पिनेने छिद्रात अडकतात. छिद्रे झिजली किंवा पिन नीट बसली नाही, तर पॉवर वाढवताना सीट मागे घसरते, आणि घसरणारा माणूस आधारासाठी योक धरून ओढतो. या रुळांच्या तपासणीसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने बंधनकारक निर्देश काढलेले आहेत आणि नियमित देखभालीत ती तपासणी होते. विद्यार्थ्यांनी मात्र तिच्यावर विसंबून राहू नये. सीटवर बसल्यावर पाय टेकवून सीट जोराने मागे ढकलून पाहावी, आणि ती हलली तर त्या दिवशी ते विमान घेऊ नये.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. या विमानाने चाचणीत पेललेला कमाल आडवा वारा १५ नॉट आहे; ती बंधनकारक मर्यादा नाही. पंख वर असल्यामुळे वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली झुकवून एका चाकावर उतरायला जागा भरपूर मिळते, खालच्या पंखांच्या विमानांपेक्षा अधिक. टेकल्यानंतर एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या, सोडून देणे ही नवख्यांची नेहमीची चूक. वारा मग उंच पंखाखाली शिरतो. २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप्स असताना तीव्र स्लिप, म्हणजे विमान मुद्दाम कलवून तिरके घसरवत आणणे, टाळण्याची सूचना पुस्तिकेत आहे, कारण काही परिस्थितींत एलेव्हेटरला, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीला, हलके हेलकावे बसू शकतात. टेकल्यावर योक पुढे दाबून धरणे सर्वांत वाईट: वजन पुढच्या चाकावर जाते, मागची चाके हलकी होतात आणि विमान हातगाडीसारखे एका चाकावर भरकटू लागते. यावरही उपाय तोच, योक मागे.

दख्खनच्या पठारावर शिकणाऱ्यांनी उष्णतेचा हिशेब वेगळा धरावा, कारण अमेरिकेत लिहिलेल्या परीक्षणांत तो सहसा नसतो. धावपट्टी समुद्रसपाटीपासून २,००० फुटांवर असेल आणि एप्रिलच्या दुपारी तापमान ४० अंश असेल, तर विमानाच्या दृष्टीने हवा सुमारे ५,५०० फुटांवर असावी इतकी विरळ असते. वेगमापकावर ६५ नॉट दिसत असताना खरा वेग ७० नॉटच्या पुढे असतो. पुस्तिकेतील समुद्रसपाटीचे आकडे, म्हणजे ५० फुटांच्या अडथळ्यावरून १,३३५ फूट आणि त्यांतील जमिनीवरची धाव ५७५ फूट, हे कमी लांबीत उतरण्याच्या अचूक तंत्राचे, प्रमाण हवेतले आणि सरावलेल्या हातांचे आहेत. विद्यार्थ्याच्या दुपारच्या लँडिंगला ते लावू नयेत. त्यातच तापलेल्या शेतांवरून उठणारी हवा विमानाला शेवटच्या टप्प्यात वर उचलते आणि धावपट्टीचे डांबर फ्लेअरच्या वेळी पुन्हा उचलते. नवख्या विद्यार्थ्याचे लँडिंगचे धडे सकाळी लवकर घेणारी शाळा आणि ते दुपारी कधीही बसवणारी शाळा यांत निवड करायची झाली, तर इतर सोयी कमी असल्या तरी मी पहिली निवडेन.

पंख वर असण्याचा एक तोटाही आहे. धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना आतला पंख खाली जातो आणि ज्या धावपट्टीकडे पाहायचे तीच झाकतो. विद्यार्थी वळण उशिरा ओळखतो, मग घाईने दुरुस्त करतो, आणि बिघडलेल्या लँडिंगची सुरुवात पुष्कळदा इथे, जमिनीपासून कित्येकशे फूट वर, झालेली असते.

आता नुकसानीबद्दल, जिथे मला अधिकाराने बोलता येते. पंख्याचे पाते जमिनीला लागले, की वरून कितीही किरकोळ दिसले तरी लायकोमिंगच्या सूचनेप्रमाणे इंजिन उघडून तपासावे लागते, कारण फिरते इंजिन अचानक अडल्याने क्रँकशाफ्ट आणि त्याच्या मागच्या टोकावरील गिअर व बोल्ट यांना इजा पोहोचलेली असू शकते. त्या गिअरच्या तपासणीबद्दल एफएएचाही बंधनकारक निर्देश आहे. इंजिन न उघडता नुसते पाते सरळ करून किंवा पंखा बदलून विमान परत उडवणे हा गुन्ह्याइतका गंभीर प्रकार मी मानतो. दुसरी बाब नोंदींची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येनुसार फक्त पाती, टायर किंवा पंखांची टोके यांना इजा झाली आणि कोणी जखमी झाले नाही, तर तो प्रसंग ‘अपघात’ या वर्गात येत नाही. विमानाच्या सांगाड्याची मोठी दुरुस्ती करावी लागली तर येतो. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या नावावर किती अपघात आहेत एवढेच पाहून तिथल्या लँडिंगच्या शिकवणीचा अंदाज बांधता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. ती विमाने सेसनाची नव्हती. असे प्रसंग बातमीत येतात, वाकलेली पाती आणि सुरकुतलेल्या फायरवॉल येत नाहीत. डीजीसीए या देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे आणि तीत सुरक्षेचाही निकष आहे, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे. तरी हार्ड लँडिंगनंतर, म्हणजे विमान जोराने आदळल्यावर, विद्यार्थ्याने ते निर्भयपणे सांगावे असे वातावरण शाळेत आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय कळत नाही. दडवलेल्या एका हार्ड लँडिंगची किंमत पुढच्या विद्यार्थ्याला मोजावी लागते, आणि मला या व्यवसायात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

पर्यायांविषयी. चेरोकी कुटुंबातली पायपर आर्चर जमिनीवर जास्त शांतपणे बसते, कारण तिचे ओलिओ धक्का जिरवतात, पण पंख खाली असल्याने वेग जास्त असेल तर ती फार लांब तरंगते. ऑस्ट्रियन बनावटीचे डायमंड डीए-४० आधुनिक आहे, त्याच्या एनजी आवृत्तीला विमानतळावर सहज मिळणारे जेट इंधन चालते, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या सेसनापुढे भारतात हा फार मोठा आर्थिक फायदा आहे. मात्र त्याचे पुढचे चाक मोकळे फिरणारे असून दिशा रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) आणि ब्रेकने सांभाळावी लागते, आणि लांब, सडपातळ पंखांमुळे वेगातली चूक तिथे अधिक महाग पडते. सेसना १५२ स्वस्त आणि उत्कृष्ट, पण तिचे उत्पादन १९८५ मध्ये बंद झाले आणि दोन धष्टपुष्ट माणसे बसली की इंधनाला वजनाची जागा उरत नाही. नव्या १७२ एसची किंमत चार लाख डॉलरच्या वर गेली आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. या किमतीत नव्या विमानाला पट्ट्यांतल्या एअरबॅग मिळतात. आदळण्यात डोके आणि छाती वाचवण्यासाठी त्या खरोखर उपयोगी आहेत.

जुने १७२ घेणाऱ्या क्लबने लॉगबुकाइतकाच विश्वास विमानाच्या पोटावर ठेवावा. इंजिनाचे आवरण काढून फायरवॉलच्या खालच्या भागावर, पुढच्या स्ट्रटच्या जोडणीभोवती, टॉर्चचा प्रकाश तिरका टाकून पाहावा. सपाट पत्र्यावर लाटा दिसल्या किंवा रिव्हेटभोवती काळपट डाग दिसले, तर तिथे एके काळी पुढचे चाक आदळलेले आहे. नवा रंग फक्त तेवढ्याच भागाला दिलेला असेल तर प्रश्न विचारावेत. दोन्ही दरवाजे सहज बंद होतात का ते पाहावे, पुढच्या चाकाची थरथर रोखणारा शिमी डॅम्पर आणि ते चाक सरळ धरणारी कात्रीसारखी जोडणी, म्हणजे टॉर्क लिंक, यांमधली ढिलाई हाताने हलवून तपासावी, आणि शेपटीखालच्या दोर बांधण्याच्या कडीकडे वाकून बघावे. ती घासून चपटी झालेली असेल, तर या विमानात लँडिंग शिकवताना नाक गरजेपेक्षा जास्त वर धरले गेले आहे. पंखा लॉगबुकात मध्येच बदललेला दिसला, तर त्याच तारखेच्या आसपास इंजिन उघडल्याची नोंद आहे का हे शोधावे. ती नोंद नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी ते विमान मी प्रशिक्षणासाठी सुचवणार नाही. ती असेल, काम व्यवस्थित झालेले असेल आणि उजव्या सीटवर बसणाऱ्यांच्या कामाच्या तासांना शाळेने मर्यादा घातलेली असेल, तर वीस वर्षांचे १७२ एसही विद्यार्थ्याच्या पहिल्या लँडिंगसाठी मी निःशंकपणे सुचवेन.